हर्रासीतली बावीस झाडं

परभणीच्या मोंढ्यात मी सव्वीस वर्षं मुनीम आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी, बोलीवर जे जे विकलं जातं ते माझ्या वहीतून जातं. पोत्यात परखी, म्हणजे नमुना काढायची पोकळ सळई, खुपसायची, आलेला माल तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा. ओल किती, माती किती, डागी किती, हे कळायला मला मशीन लागत नाही. ही फुशारकी आधीच मारून घेतो, कारण पुढं तिला कुठं जागा मिळणार नाही.

२०२३ चा मे महिना. जिंतूर रस्त्यानं तासाभराच्या वाटेवर एक जुनी खाजगी रोपवाटिका होती, ती बंद व्हायची होती. मालकाची पोरं पुण्याला, जमीन प्लॉटिंगवाल्यानं घेतलेली, आणि वाफ्यांवर उरलेल्या झाडांची हर्रासी. आमच्याकडं लिलावाला हर्रासीच म्हणतात, निजामाच्या राजवटीपासून तोंडात बसलेला शब्द. चिंचा उतरायच्या आधी देवस्थानच्या झाडांची हर्रासी होते, गावतळ्यातल्या मासळीची होते. पण तिथं फळ विकलं जातं, झाड जागेवर राहतं. झाडंच मुळासकट हर्रासीला काढलेली मी पहिल्यांदा बघत होतो.

आमचा प्लॉट चार गुंठ्यांचा, गावाच्या कडेला, वडिलांनी स्वस्ताईत घेऊन ठेवलेला. एका कोपऱ्यात घर, एक कडुलिंब आणि बाकी गाजरगवत. दोन केशर आणि एक जांभूळ आणायचं ठरवून निघालो. केशर मूळचा जुनागढकडचा, पण आता मराठवाड्याच्या केशरलाही भौगोलिक मानांकन आहे. दारात एक तरी केशर असावा असं घरात बरीच वर्षं चाललं होतं.

दारातच पाचशे रुपये अनामत घेतली, पावती दिली आणि एक झेरॉक्स कागद हातात ठेवला: वाफा नंबर, झाडाचं नाव, नग. खाली चार अटी. माल आहे तिथं, आहे तसा. पैसे संध्याकाळपर्यंत. झाडं आठ दिवसांत उचलायची. आठव्या दिवशी मोटार काढून नेणार, त्यानंतर पाण्याची जबाबदारी नाही. ही शेवटची अट मी वाचली आणि पुढं गेलो. मे महिन्यात झाड जमिनीतून काढायला लावणारी अट ती, आणि मला ती मोटारीबद्दलची वाटली.

घेणाऱ्यांत ढाबेवाले होते, दोन गुत्तेदार होते, एका मंगल कार्यालयाचा मालक होता आणि चार-पाच रोपवाटिकावाले. रोपवाटिकावाले एकमेकांपासून लांब लांब उभे. ते बघून मला हसू आलं. ज्यांचं आपसात आधीच ठरलेलं असतं ते व्यापारी मोंढ्यातही असेच लांब उभे राहतात. एकानं बोली लावली की दुसरा चप्पल झटकायचा, तिसरा फोनवर बोलायला बाजूला व्हायचा. दोन वर्षांची टवटवीत कलमं अशी त्यांच्यातच वाटली गेली. रॉयल पाम मंगल कार्यालयाकडं गेले. मी दोन तासांत तीनदा हात वर केला आणि तीनदा खाली घेतला.

सकाळी नगावर बोली चालली होती, म्हणजे एका झाडाचा भाव गुणिले नग. भाकरी खाऊन परत बसलो तेव्हा दोन लॉट गुत्त्यात गेले, अख्खा वाफा एका रकमेला. शेवटी एक मिसळ लॉट आला. सहा केशर, पाच सीताफळ, चार जांभूळ, तीन चिंच, दोन रामफळ, दोन बहावा. पुकारणारा ओरडला, "शंभर!" कुणी हलेना. बावीस झाडं शंभरात! मागून कुणीतरी सव्वाशे केलं. मी "दीडशे" म्हणालो, आणि इतक्या जोरात म्हणालो की पुढचा ढाबेवाला वळून बघायला लागला. एकवार, दोनवार, तीनवार.

पावती करणाऱ्या पोरानं लिहिलं, २२ × १५० = ३,३००.

"हा लॉट गुत्त्यात होता ना?"

"नाही काका, नगावर. फळ्यावर लिहिलंय की."

लिहिलं होतं, खडूनं, ठळक. भाकरी खाताना मी ज्या फळ्याला पाठ टेकून बसलो होतो त्याच फळ्यावर. क्विंटल आणि पोतं यांचा असा घोळ घातलेले लोक मी दर हंगामात बघतो आणि दुकानात आल्यावर त्यांची नक्कल करून दाखवतो. गुपचूप पैसे मोजले.

छोटा हत्ती आधीच सांगून ठेवला होता. ड्रायव्हरला चार वाजता दुसरं भाडं होतं, त्यामुळं त्याची घाई. सीताफळ, रामफळ, बहावा यांच्या पिशव्या हलक्या, त्या पटापट वर गेल्या. जांभळाच्या हलेनात. मग मी आणि ड्रायव्हरनं बुंधा दोन्हीकडून धरला आणि हिसका दिला. खालून तटतट आवाज आला, पोत्याची शिवण उसवावी तसा. झाड हातात आलं, पिशवीचं बूड जमिनीतच राहिलं. चारही जांभळं अशीच काढली.

"काय करायलात मालक?"

तिथला जुना माळी. सगळे त्याला मामा म्हणत होते. त्यानं खाली वाकून जमिनीत राहिलेली पिशवीची चिंधी उचलली, तिच्यातून करंगळीएवढं जाड मूळ आरपार गेलेलं होतं. म्हणाला, "पाच वर्षं एका जागी उभी हायत ही. पिशव्या कवाच फोडल्या त्यांनी. तुम्ही वर आणली ती नुसती फांदी, झाड खालीच ऱ्हायलं."

वरून हिरवीगार, माझ्या खांद्याएवढी उंच, म्हणून मी खुशीत होतो. ती हिरवी होती खालच्या जमिनीच्या जिवावर. एक पिशवी तिरपी करून बूड बघितलं असतं तरी कळलं असतं. पोत्यात परखी घातल्याशिवाय पाव क्विंटल न घेणारा माणूस मी, आणि बावीस झाडं पानं बघून घेतली.

राहिले सहा आंबे आणि तीन चिंचा. ते मामानं हातात घेतले. दोन मजूर लावले, त्यानं जागेवर उभं राहून दाखवलं. आज तीनच बाजूंनी वीतभर अंतर सोडून चर घ्यायचा. चरात येतील ती मुळं सिकेटरनं साफ कापायची. कुदळीनं चेचलेलं मूळ कुजतं. चर परत मातीनं भरायचा आणि भरपूर पाणी सोडायचं. वरचा पाला निम्मा उतरवायचा, कारण खाली मुळं निम्मी झाल्यावर वरच्या सगळ्या पानांना ती पाणी पुरवू शकत नाहीत. चौथी बाजू आणि बूड शेवटच्या दिवशी सोडवायचं. "खरं तर महिना पायजे," मामा म्हणाला, "पन तुमच्याकडं आठच दिस हायत."

आठव्या दिवशी परत गेलो. या वेळी दुकानातला फाटका बारदाना, दाभण आणि सुतळीचा गुंडा घेऊन. मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला हुंडी म्हणतात हे तिथंच कळलं. मोंढ्यात हुंडी म्हणजे पैशाचा कागद, त्यामुळं पहिल्यांदा मामा "हुंडी फुटू देऊ नका" म्हणाला तेव्हा मी दचकलोच. पण बांधणं माझ्या हातातलं काम. बारदाना भिजवून जमिनीवर अंथरायचा, हुंडी अलगद त्याच्यावर, चारी कोपरे बुंध्याशी आणून दाभणानं टाचायचे, मग सुतळीचे आडवे-उभे फेरे गुडघा टेकून आवळायचे. दुसरी हुंडी बांधली तेव्हा मामा मजुरांना म्हणाला, "बघा बघा, असं बांधायचं." त्या अख्ख्या व्यवहारातलं माझं तेवढंच कौतुक. आठ हुंड्या अखंड निघाल्या. एका आंब्याची उचलतानाच फुटली, माती भसकन खाली आली आणि हातात चार काळी मुळं लोंबत राहिली.

ही खेप रात्री नेली. आधीच्या खेपेला भर दुपारी उघड्या गाडीतून नेलेल्या सीताफळांची पानं वाऱ्यानं एका बाजूनं करपली होती. या वेळी पाला ओला केला, वर ताडपत्री आवळली आणि नऊ वाजता निघालो.

"दोन आंबे नि एक जांभूळ आणायला गेला होतात ना तुम्ही?" बायकोनं दारातच बॅटरी लावून मोजली. सासूबाई तेव्हा आमच्याकडं आलेल्या, त्यांनी चिंच घराच्या आवारात लावायला साफ नकार दिला. चिंचेवर काय काय राहतं ते त्यांनी नातवांना झोपताना सांगूनही टाकलं. मलाही चिंच नको होती, माझं कारण वेगळं. ती मोठी झाली की चार गुंठे तिलाच लागले असते.

पावसाआधी लावायचं नव्हतं. सगळी झाडं कडुलिंबाच्या सावलीत दाटीवाटीनं उभी केली आणि बारदान्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिलो. जांभळांची पानं दहा दिवसांत पापडासारखी झाली, मुठीत धरली की चुरा. फुटक्या हुंडीचा आंबाही त्यांच्या मागोमाग गेला.

तोवर खड्डे. मे महिन्यातली काळी माती म्हणजे भेगांत कोपरापर्यंत हात जातो आणि कुदळ मारली तर टणकन उडते. आठ खड्डे, तीन फूट लांब-रुंद-खोल, एकाचे तीनशे रुपये. खणणाऱ्यानं पहिल्या खड्ड्यानंतर भाव वाढवून मागितला, त्याचं चूक नव्हतं, पण ठरलेलं ते ठरलेलं. वरच्या फूटभराची माती एकीकडं, खालची दुसरीकडं, आणि खड्डे पाऊस येईपर्यंत उन्हात उघडे. भरताना वरची माती, कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड आणि ओंजळभर सुपर फॉस्फेट.

आमच्या गावात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. मी तिथं फक्त सकाळी फिरायला जातो. शेजारी भाड्यानं राहणारा पोरगा मात्र तिथं शिकतो, तो खड्ड्यांशी येऊन उभा राहिला. "काका, काळ्या मातीत खड्डा म्हणजे हौद. पाणी आत शिरतं, बाहेर निघत नाही. भरून वर उंचवटा करा नि झाड उंचवट्यावर लावा." सात खड्ड्यांवर त्याचं ऐकलं. आठवा, कंपाउंडच्या सखल कोपऱ्यातला, तिथं मी मस्त खोलगट आळं केलं. उन्हाळाभर बादलीनं पाणी वाहिलेल्या माणसाला पाणी वाहून जाईल ही कल्पनाच सहन होत नाही.

मृग कोरडा गेला. पाऊस आला तो आर्द्रात, जून संपता संपता. पुनर्वसूचा तरणा पाऊस दोनदा चांगला पडून गेल्यावर, वीतभर ओल खाली गेल्याची खात्री करून, मी झाडं लावली. हुंडी खड्ड्यात ठेवून मग सुतळी कापली आणि बारदाना बाजूंनी सोडवून काढला. पिशवीतल्या झाडांची गंमत वेगळी. पिशवी ब्लेडनं उभी चिरली तर आत मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली, जुन्या काथ्याच्या भेंडोळ्यासारखी. तशीच लावली तर ती तशीच गोल फिरत राहतात आणि पुढं बुंध्याला फास बसतो. पोरानं बाजूंनी तीन-चार उभ्या चिरा मारायला लावल्या, बुडाची गुंडाळी कापून टाकायला लावली. झाडाला सुरी लावताना हात थरथरला, पण लावली.

आंबा लावताना कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर राहायला हवा. पोरगा जोड शोधायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. मग म्हणाला, "काका, हे केशर नाही." बुंध्यावर तिरपा जाडसर वण होता, त्याच्या वर अंगठ्याएवढा वाळलेला खुंट, आणि सगळी हिरवी फांदी वणाच्या खालून फुटलेली. वरची केशरची काडी कधीच मेली होती, खालचा गावठी खुंट वाढून झाड झालं होतं. पाच आंब्यांत अशी दोन निघाली. कागदावर सहा केशर लिहिलेले होते, पण "आहे तसा" हेही लिहिलेलं होतं. तक्रार कुणाकडं करणार? रोपवाटिकेच्या जागी एव्हाना प्लॉटच्या खुणांचे दगड लागले होते.

घरी तीन आंबे, दोन सीताफळ, एक रामफळ, एक बहावा लावला. उरलेल्या खड्ड्यात चारांतलं एक जांभूळ लावलं, वाळकी काठीच ती, पण खड्ड्याचे तीनशे दिले होते. दुसरा बहावा शेजाऱ्यांना दिला. बाकीची झाडं मेव्हण्याच्या सेलूकडच्या शेतात बांधावर गेली: दोन आंबे, तीन सीताफळ, तीन चिंचा आणि एक रामफळ. सीताफळाला शेळी तोंड लावत नाही, त्यामुळं बांधावर त्याच्यासारखं झाड नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. जुलैअखेर बरा पाऊस झाला, आणि एके सकाळी जांभळाच्या वाळक्या काठीच्या बुडाशी दोन तांबूस कोंब. बायकोला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, "ह्याला तुम्ही हिसका मारला होता ना?"

मग ऑगस्ट आला आणि पाऊस गेला. १९०१ पासूनच्या नोंदीत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, हे नंतर पेपरात वाचलं. आमच्या वाट्याला आले ते तीन टँकर, सातशेचा एक. टँकरचं पाणी आळ्यात सोडलं की भेगांतून कुठं जातं कळत नाही, म्हणून कुंभाराकडून कमी भाजलेली मडकी आणली, बुडाला भोक पाडून त्यात सुती वात ओढली आणि प्रत्येक झाडाशेजारी एक गळ्यापर्यंत पुरलं. वर झाकणी. मडकं तीन-चार दिवसांनी भरायचं. आसपासच्या जमिनीवर सोयाबीनचं भुसकट पसरलं, ओल टिकावी म्हणून. रामफळाला जरा जास्तच मायेनं, पार बुंध्याला टेकवून. दिवाळीच्या सुमारास ते वरून मान टाकू लागलं. भुसकट सरकवलं तर बुंध्याभोवती वाळवीनं मातीचा झगा घातलेला. साल आतून संपली होती. बाकीच्या झाडांपासून भुसकट त्याच दिवशी हातभर मागं ओढलं.

गावठी निघालेला घरचा आंबा उपटावा असं माझं मत होतं. पोरगा म्हणाला, उलट बरं झालं, खुंट जमिनीत बसलाय, आता त्याच्यावरच जागेवर कलम करू. २०२४ च्या मेमध्ये त्यानं खुंट गुडघ्याएवढा ठेवून छाटला. पावसात त्याला तांबूस, लवचीक धुमारे आले. ऑगस्टमध्ये त्यानं एक कारागीर आणला. काडी घेतली सखल कोपऱ्यातल्या केशरची, तेच झाड सगळ्यात जोमदार होतं. काडीची पानं आठ दिवस आधी देठ ठेवून कापली होती. धुमारा आडवा छाटून मधोमध चीर, काडीला दोन्हीकडून तासून पाचर, पाचर चिरेत, प्लॅस्टिकची पट्टी घट्ट, वरून पिशवीची टोपी. सगळं मिळून पाच मिनिटं. कारागिरानं दोनशे घेतले, ते मी चहापाण्यात धरले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाऊस सुरू झाला. २०२४ च्या सप्टेंबरचे ते पहिले दोन दिवस परभणी-हिंगोलीकडची माणसं विसरणार नाहीत. बैल गोठ्यातच सजले. आमच्या कंपाउंडमध्ये पोटरीएवढं पाणी, आणि ते ओसरल्यावर उंचवट्यांवरची झाडं धुतल्यासारखी उभी. आठव्या आळ्यात, मी प्रेमानं केलेल्या खोलगट आळ्यात, पाणी चार दिवस तसंच. चर काढून दिला तेव्हा उशीर झाला होता. त्या केशरची पानं आधी खाली वळली, मग पिवळी, आणि दसऱ्याला झाड उपटलं तर मुळं काळी, नाल्याचा वास येणारी. गावठी खुंटावरच्या टोपीत मात्र त्याच झाडाच्या काडीला दोन डोळे फुटले होते. शेतातल्या दुसऱ्या खुंटावरचं कलम दोनदा फसलं. मेव्हणा म्हणाला, राहू द्या दाजी, कैरी लोणच्याला लागतेच.

हिशोब मी पहिल्या दिवसापासून ठेवला होता. झाडं ३,३००. दोन मजूर दोन दिवस, २,०००. छोटा हत्ती दोन खेपा, ३,६००. खड्डे २,४००. शेणखत १,८००. टँकर २,१००. बेरीज १५,२००. आज जिवंत झाडं सोळा: सीताफळं पाचही, आंबे चार, चिंचा तीन, बहावे दोन, एक रामफळ, एक जांभूळ. म्हणजे झाडामागं साडेनऊशे. दीडशेची बोली होती ती. बायकोला आकडा सांगितला तर म्हणाली, "मडकी धरली नाहीत त्यात."

यंदाच्या उन्हाळ्यात दुसरीकडच्या एका हर्रासीची चिठ्ठी आली. बघायला म्हणून गेलो, पिशवीत खुरपं होतं. बोलीआधी वाफ्यांतून फिरलो, पिशव्या तिरप्या करून बुडं बघितली, एका ठिकाणी जरा उकरलं. पुकारणारा लांबून ओरडला, "काका, बोलीआधी माल उकरायचा नसतो!" खुरपं आत टाकलं आणि सावलीत जाऊन बसलो. सहा जांभळांचा वाफा एका पोरसवदा माणसानं घेतला. उंच, हिरवीगार. त्याचा टेम्पो इंजिन चालू ठेवूनच उभा होता, आणि त्यानं पहिल्या जांभळाच्या बुंध्याला दोन्ही हात घातले.

मी उठून जवळ गेलो. म्हणालो, "भाऊ, आज हिसकू नका. आज तीन बाजूंनीच सोडवा, पाणी द्या."

त्यानं ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हरनं घड्याळाकडं.